सोसणं वेगळं, उभारी वेगळी

आमच्या घरात 'सोशिक' हा शब्द फार कौतुकानं वापरला जायचा. आजी सोशिक, मोठी काकू सोशिक, शेजारची नवी सून तर 'बाई, फारच सोशिक हो'. लहानपणी मला वाटायचं, मोठं झाल्यावर बायकांना मिळणारी ही एखादी पदवी असावी. पुढे मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. गेली बरीच वर्षं नाशिकमध्ये लोकांशी बोलण्याचंच काम करते आहे, आणि आता या शब्दाची मला थोडी भीती वाटते. माझ्यासमोर येऊन बसणारी कितीतरी माणसं सोशिक असतात. वीस-वीस वर्षं सोसलेलं असतं, आणि एके दिवशी कुकरची शिट्टी झाली एवढ्यानं हातपाय थरथरायला लागतात.

मानसशास्त्रात ज्याला लवचिकता म्हणतात, तिच्याविषयी मला लिहायचं आहे. मला स्वतःला तिच्यासाठी 'उभारी' हा शब्द जवळचा वाटतो. निफाड तालुक्यात माझं माहेर आहे, तिथे हा शब्द आधी झाडांसाठी वापरतात. 'बाग उभारी धरते का बघू,' असं माझे वडील, नाना, म्हणायचे. वेलीनं उभारी धरली म्हणजे तिला काही लागलंच नव्हतं असा अर्थ कुणी काढत नाही. लागलं होतं, काड्या मोडल्या होत्या, आणि तरी पुन्हा फूट निघाली, एवढंच त्यातून कळतं. संशोधकांच्या भाषेतही जवळपास हेच आहे: मोठ्या आघातानंतर किंवा लांबलेल्या ताणानंतर माणूस पुन्हा जगण्यात परततो, ती परतण्याची क्रिया. दुखू न देणं हा तिचा भाग नाही. सोसणारा माणूस दुखणं लपवतो, त्यामुळे तो परतला की नाही हे घरच्यांनाही कळत नाही.

2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट झाली, तीत आमची द्राक्षाची बाग सापडली. माल काढणीला आला होता. नाना दोन दिवस पडवीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवण नाही, बोलणं नाही. आई सगळ्यांना सांगत होती, 'त्यांना काही बोलू नका, खंबीर आहेत ते.' मी तोवर बरंच काही शिकून बसले होते, पण त्या दोन दिवसांत काय करावं हे मला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी जे झालं ते पुढे सांगेनच.

शरीरात काय चालतं

हप्ता थकल्याचा फोन येतो. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. तो धोक्याची घंटा वाजवतो. काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. पाठोपाठ काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढतं, रक्तातली साखर वाढवतं, पचनासारखी कामं मागे ढकलतं. ही यंत्रणा वाईट नाही. रस्त्यात अचानक ट्रक समोर आला तर हीच आपल्याला बाजूला ओढते. धोका टळला की शरीर हळूहळू मूळ जागी येतं.

अडचण होते ती मूळ जागी येणंच थांबतं तेव्हा. नाशिकच्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांत पाळ्यांत काम करणारा एखादा तरुण डोळ्यांपुढे आणा. या आठवड्यात रात्रपाळी, पुढच्या आठवड्यात पहिली पाळी, घरी आजारी आई, कंत्राट कधी संपेल याचा भरवसा नाही. घंटा वाजते, आणि ती बंद होण्याआधीच पुढची वाजते. ब्रूस मॅकएवन या मेंदूशास्त्रज्ञानं 1993मध्ये एका सहकाऱ्यासोबत या साचत जाणाऱ्या झिजेला एक नाव दिलं, ॲलोस्टॅटिक लोड. साध्या भाषेत, शरीराला सतत जुळवून घ्यायला लागल्यामुळे होणारी घसट. रक्तदाब, झोप, स्मरणशक्ती, सगळ्यांत ती उतरते. म्हणून 'मला ताण आहे का?' हा प्रश्न मी फारसा विचारत नाही, तो प्रत्येकाला असतोच. मी विचारते, दिवसभरात शरीर खाली कधी येतं? रोज थोडा वेळ तरी येतं का?

खाली आणण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे श्वास. आपण श्वास सोडतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, कारण व्हेगस नावाची नस त्या वेळी हृदयाला आवर घालते. म्हणून सोडायचा श्वास घेण्यापेक्षा लांब ठेवायचा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतक्या सावकाश, चार-पाच मिनिटं. यानं कर्ज फिटत नाही. पण फोन ठेवल्यावर लगेच मुलावर ओरडणं टळू शकतं, आणि तेवढंही पुष्कळ असतं. झोपेचं महत्त्व तर सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पहिला बळी तिचाच जातो. अपुऱ्या झोपेनंतर अमिग्डला जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो, हे मेंदूच्या चित्रणांत दिसलं आहे.

पडून राहणं शिकावं लागत नाही

आता ज्या संशोधनानं माझी स्वतःची समजूत उलटी केली, त्याबद्दल जरा सविस्तर.

1967मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रयोग क्रूर होते, आज वाचतानाही त्रास होतो. काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले जात, पण डोक्यानं एक फळी दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक नाही. नंतर सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं की मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटानं उडी मारली. दुसऱ्या गटातले बरेच कुत्रे तिथेच अंग टाकून कण्हत राहिले. याला 'शिकलेली हतबलता' असं नाव पडलं आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं आम्ही सगळे तेच शिकलो: हार मानायला माणूस अनुभवातून शिकतो.

2016मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आमचं उलटं झालं होतं. मेंदूचा अभ्यास पुढे गेल्यावर दिसलं, की लांबलेल्या त्रासात गळून पडणं हे शिकावं लागतच नाही, ती प्राण्याची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे. कपाळामागचा भाग हे ओळखतो आणि खालच्या भागांना शांत करतो. आणखी महत्त्वाचं असं, की ज्याला आधी एकदा हा अनुभव मिळाला आहे, तो पुढे खरोखरच काही हातात नसतानाही तितका कोसळत नाही.

याचे दोन अर्थ मी रोज वापरते. पहिला असा, की खाटेवर पडलेल्या माणसाला 'हार मानलीस' म्हणायचं नाही. त्याचं शरीर नेमून दिलेलंच करतंय. दुसरा असा, की त्याला उपदेशाची नाही, हातात येईल अशा कामाची गरज असते, आणि त्या कामाचा परिणाम त्याला डोळ्यांनी दिसला पाहिजे. नोकरी गेलेल्या माणसाला 'पुढची पाच वर्षं काय करणार' हा प्रश्न विचारणं म्हणजे त्याला पुन्हा त्या खोक्यात बसवणं. त्यापेक्षा आज भविष्य निर्वाह निधीचा अर्ज भरू, उद्या एका ओळखीच्या माणसाला फोन करू. काम इतकं लहान हवं की न जमण्याची शक्यताच कमी.

पाणी कुठवर आलं?

गोदावरीला पूर येतो तेव्हा नाशिककरांना क्युसेकच्या आकड्यांवरून नीट अंदाज येत नाही. 'मारुतीला पाणी कुठवर आलं?' एवढं विचारलं की पुरतं. नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे इथलं जुनं मोजमाप आहे. गुडघ्याला, कमरेला, छातीला. 2019च्या ऑगस्टमध्ये तर मूर्तीच पाण्याखाली गेली होती. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले जुने दुकानदार पाणी खाली असतानाच माल वर चढवायला लागतात. छातीला येईपर्यंत थांबलेल्याच्या हाती फार काही उरत नाही.

मी लोकांना स्वतःचा मारुती तयार करायला सांगते. एका शाळेतल्या बाईंनी (तपशील बदलले आहेत) तो असा केला होता: गुडघा म्हणजे भांडी आपटली जातात आणि वर्गात आवाज चढतो. कंबर म्हणजे पहाटे तीनला जाग, बहिणीचा फोन येऊनही उचलावासा वाटत नाही. छाती म्हणजे 'मी नसले तर सगळ्यांचं सोपं होईल' असं वाटणं. कमरेच्या खुणेपुढे त्यांनी बहिणीचा नंबर लिहिला आणि बहिणीलाही तो कागद दाखवला. 'कंबर' एवढाच निरोप गेला की बहीण गाडी काढून येते. लांबलचक समजावत बसावं लागत नाही, कारण त्या अवस्थेत नेमके शब्दच सुचत नाहीत.

भावनेला नाव दिल्यानं ती थोडी आवाक्यात येते, हे मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं 2007मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं. चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगताना अमिग्डलाची सक्रियता कमी होते. पण नाव नेमकं हवं. 'टेन्शन आहे' यात सगळंच मावतं, म्हणून त्यातून काही हाती लागत नाही. 'दिराच्या लग्नात सगळ्यांसमोर पैशाचा विषय निघेल याची मला लाज वाटते आहे' असं म्हटलं की पुढे काय करायचं तेही दिसू लागतं.

इथे मला आजीची आठवण येते. आम्ही तिला सोशिक म्हणायचो. पण ती पहाटे जात्यावर बसायची तेव्हा ओव्या म्हणायची, समोर जाऊ बसलेली असायची, आणि त्या ओव्यांमध्ये सासर, माहेर, गेलेलं मूल, सगळं नावानिशी यायचं. ती गप्प बसून सोसत नव्हती. तिचं बोलणं आम्हाला गाणं वाटत होतं. पुढे गावात पिठाची गिरणी आली, दळण सोपं झालं, ते चांगलंच झालं. पण त्यासोबत गेलेल्या त्या अर्ध्या तासाच्या जागी माझ्या आईच्या पिढीला काहीच मिळालं नाही, असं मला वाटतं.

ज्यांना बोलायला कुणी नाही त्यांच्यासाठी लिहिणं हा एक मार्ग आहे. जेम्स पेनेबेकर यांनी 1986मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या सगळ्यात दुखऱ्या अनुभवाविषयी लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला, सगळ्यांना सारखा उपयोग होत नाही. लिहून कागद फाडला तरी चालतो. मात्र घटना अगदी ताजी असेल, लिहिताना अंग कापत असेल, तर थांबायचं.

बोलणं आणि लिहिणं यांच्या शेजारीच एक फसवी गोष्ट उभी असते, ती म्हणजे रवंथ. गाय चरून झाल्यावर तोच घास पुन्हा पुन्हा चघळते तसं मन एकाच वाक्यावर फिरत राहतं: माझ्याच बाबतीत असं का, मी तेव्हा तसं का बोललो. करणाऱ्याला वाटतं आपण विचार करतो आहोत. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांच्या याच सवयीचा अभ्यास करत असताना योगायोगानं 1989मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला. ज्यांना आधीपासून रवंथ करायची सवय होती, ते भूकंपानंतर जास्त खचलेले आढळले. माझी साधी कसोटी अशी: वीस मिनिटं विचार केल्यावर उद्या सकाळी करायची एक तरी गोष्ट सापडली का? नसेल तर उठायचं, चप्पल घालायची आणि बाहेर पडायचं. गोल्फ क्लबच्या मैदानाला चार फेऱ्या मारा, पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. चढताना दम लागतो तेव्हा मनातलं ते वाक्य धड पूर्णही होत नाही.

कांद्याचा भाव पडल्यावर श्वास मोजायचा का?

हा प्रश्न मला एका व्याख्यानानंतर एका शेतकऱ्यानं विचारला होता, आणि त्याचा राग योग्य होता. 8 डिसेंबर 2023ला कांद्यावर निर्यातबंदी आली आणि लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये भाव कोसळले. अशा वेळी शेतकऱ्याला 'मन खंबीर ठेवा' म्हणणं हा अन्यायच आहे. उभारीच्या नावाखाली व्यवस्थेची जबाबदारी माणसाच्या डोक्यावर टाकता येत नाही. कारखान्यात माणसं कमी ठेवायची आणि उरलेल्यांसाठी ताणमुक्तीचं शिबिर घ्यायचं, हेही मी पाहिलं आहे. त्या दिवसांत जे शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले, तीही उभारीच होती. 'माझ्या हातात काहीतरी आहे' हा अनुभव घोळक्यातही मिळतो. किंबहुना पुष्कळदा तिथेच मिळतो.

खुंट

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर 1955मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी त्यांच्या चाळिशीपर्यंत केला. गरिबी, आईवडिलांची भांडणं, घरात दारू किंवा मानसिक आजार, जन्माच्या वेळचे त्रास, अशी बरीच ओझी एकत्र असलेली मुलं त्यांनी वेगळी काढली. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं समंजस, कर्तबगार, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्यात काय समान होतं? काहींचा स्वभाव लहानपणापासून हसरा होता, हे खरं. पण जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात किमान एक मोठं माणूस असं होतं, ज्याला ते मूल मनापासून हवं होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही. जी मुलं किशोरवयात भरकटली होती, त्यांतलीही बरीच तिशी-चाळिशीत सावरली. कुणाला चांगला जोडीदार मिळाला होता, कुणी पुन्हा शिकायला बसलं होतं.

द्राक्षवाल्यांना हे लगेच समजतं. आपल्याकडे थॉमसन ही द्राक्षाची जात नुसती लावत नाहीत. आधी डॉगरिजसारखा रानटी खुंट लावतात, त्यावर कलम बांधतात. पाणी कमी पडलं, जमीन खारवट निघाली, तर तग धरतो तो खुंट. घड वरच्या वेलीला लागतात आणि कौतुक तिचंच होतं. माणसाचंही तसंच आहे. 'काय जिद्दीचा मुलगा आहे' असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या मागे उभी असलेली मावशी आपल्याला दिसत नसते.

म्हणून उभारी वाढवायची असेल तर स्वतःवर काम करण्याइतकंच नात्यांची निगा राखणं महत्त्वाचं आहे, आणि तेही पाणी खाली असताना. सिडकोत किंवा इंदिरानगरात तीन वर्षं राहून समोरच्या दाराचं आडनाव माहीत नसलेली कुटुंबं मी पाहते. वाटीभर भाजी घेऊन बेल वाजवणं हे मला कुठल्याही ध्यानाच्या ॲपपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

दुसऱ्यासाठी खुंट व्हायचं असेल तर एक गोष्ट टाळा. आघात ताजा असताना 'बोल, मोकळा हो, रडून घे' असा आग्रह धरू नका. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एका बैठकीत बसवून अनुभव सांगायला लावायची पद्धत एकेकाळी चांगली समजली जायची. तिचा उपयोग होत नाही असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटना आता तिच्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवते: काय हवंय ते पाहा, बोलले तर ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. जवळचं माणूस गेल्यावर बहुतेक लोक काही काळानं आपल्या आपण सावरतात, हे जॉर्ज बोनानो यांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कुणी दहाव्यानंतर आठवड्याभरात हसला तर त्याला काही वाटलंच नाही असं समजू नये.

पण काहींना आपल्या आपण सावरता येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं मन गेलेलं असेल, दारू वाढली असेल, निरवानिरवीची भाषा येत असेल, तर तो कमकुवतपणा नाही, आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसाबद्दल शंका आली तर 'जीव द्यायचे विचार येतात का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. शेतकरी घरात फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात जाऊ द्या, किल्ली दुसऱ्या घरी. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचाच असतो, आणि त्या वेळी विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो.

आमच्या नानांच्या बाबतीत मी यातलं काहीच केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे आप्पा आले. त्यांचीही बाग गेली होती. ते पडवीत खाटेच्या कडेला बसले, आईनं दिलेला चहा प्यायले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नाना, काड्यांना जखमा आहेत. आज बुरशीनाशक मारलं नाही तर पुढचा हंगामही जाईल. ट्रॅक्टर मी आणलाय. पहिल्या चार ओळी तुमच्या, मग माझ्या.' नाना उठून बसले. चपला शोधायला त्यांना थोडा वेळ लागला.